भुताला बजेट लागत नाही: स्वस्तातल्या भयपटांकडे वळणाऱ्यांसाठी

'पुराना मंदिर' मी पहिल्यांदा पाहिला तो जत्रेतल्या तंबूत, जमिनीवर अंथरलेल्या पोत्यावर बसून. त्यातल्या सामरी या सैतानाचा चेहरा पडद्यावर आला की पुढे बसलेली पोरे किंचाळायची आणि मागे उभी असलेली थोरली मंडळी खो खो हसायची. त्यानंतरची पुष्कळ वर्षे मी त्या मागच्या मंडळींतच होतो, कारण तो चित्रपट काढणाऱ्या रामसे बंधूंचे नाव निघाले की हसायचे हा आपल्याकडचा रिवाजच आहे. हसण्यात वाईट काही नाही. पण केवळ हसण्यासाठी म्हणून असे चित्रपट पाहू लागले की तिसऱ्या-चौथ्या चित्रपटाला कंटाळा येतो आणि हा सगळा प्रांतच टाकाऊ आहे असा समज करून माणूस बाहेर पडतो. पुढे दिलेला क्रम काळाप्रमाणे लावलेला नाही. नजरेला हळूहळू सवय व्हावी अशा बेताने तो लावला आहे आणि रामसे त्यात मुद्दाम शेवटी ठेवले आहेत. आठवड्याला एक चित्रपट धरला तर दोन-अडीच महिन्यांत हा प्रवास आरामात होतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवावा

'एक्सप्लॉयटेशन' या शब्दाचे 'शोषण' असे भाषांतर करून पुष्कळ जण या चित्रपटांविषयी उगाच गैरसमज करून घेतात. अमेरिकेच्या चित्रपटधंद्यात या शब्दाचा जुना अर्थ जाहिरातबाजी, चित्रपट खपवण्यासाठी केलेली खटपट, असा होता. ज्या चित्रपटात नावाजलेला नट नाही, मोठा सेट नाही आणि मोठ्या स्टुडिओचे पाठबळ नाही, तो चित्रपट खपवायचा तर पोस्टरवर ओरडून सांगता येईल अशी एक गोष्ट त्यात हवी: रक्त, भूत, मोटारसायकलवाल्यांची टोळी, उघडे अंग, किंवा निदान तसे आश्वासन. विल्यम कॅसल या निर्माता-दिग्दर्शकाने 1958 साली 'मकाब्र' या चित्रपटाच्या प्रेक्षकांचा भीतीने मृत्यू झाल्यास 1,000 डॉलर मिळतील असा विमाच उतरवला होता, आणि पुढच्याच वर्षी 'द टिंगलर'च्या वेळी काही खुर्च्यांखाली थरथरणारी यंत्रे बसवली होती. चित्रपट बेताचे होते, पण तिकिटे खपली. एक्सप्लॉयटेशन म्हणतात ते हे.

'कल्ट' हा शब्द मात्र चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर प्रेक्षक लावतात. पहिल्या फेरीत पडलेला किंवा दुर्लक्षित राहिलेला चित्रपट मध्यरात्रीच्या खेळांना, व्हिडिओ कॅसेटवर किंवा टीव्हीवर पुन्हा पुन्हा पाहणारी माणसे जमतात आणि त्याला जिवंत ठेवतात. म्हणून 'आम्ही कल्ट चित्रपट काढतो आहोत' असे आधीच सांगणाऱ्या निर्मात्यावर विश्वास ठेवू नये.

पाहताना एकच प्रश्न विचारावा

चित्रपट पाहताना मनाशी एक प्रश्न धरून बसावे: पैसा नेमका कुठे संपला, आणि संपल्यावर या माणसांनी काय केले? एवढ्याने पाहण्याची तऱ्हा बदलते.

उदाहरण म्हणून जॉन कार्पेंटर यांचा 1978 सालचा 'हॅलोविन' घ्यावा. सुमारे 3 लाख डॉलर खर्चाचा हा चित्रपट कथेत इलिनॉयमधल्या शरद ऋतूत घडतो. प्रत्यक्षात तो कॅलिफोर्नियात, ऐन वसंतात चित्रित झाला. झाडे हिरवीगार आणि पानगळ तर दाखवायचीच. तेव्हा पाने रंगवून रस्त्यावर पसरली जात आणि प्रसंग संपला की सगळ्यांनी मिळून ती पुन्हा पोत्यांत भरून ठेवायची, कारण पुढच्या प्रसंगालाही तीच लागणार. खुन्याचा मुखवटा म्हणजे 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा दुकानात दोन डॉलरांच्या आत मिळणारा मुखवटा. त्याला पांढरा रंग फासला, डोळ्यांची भोके मोठी केली, केस विस्कटले. त्या चेहऱ्यावर काहीच भाव नाहीत, आणि नेमके त्याचेच भय वाटते. संगीतासाठी वाद्यवृंद परवडणार नव्हता म्हणून कार्पेंटर यांनी पाच मात्रांची ती अस्वस्थ धून स्वतःच वाजवली. हाताशी भरपूर पैसा असता तर मुखवट्याला बहुधा भाव दिले गेले असते, आणि मग तो विसरलाही गेला असता.

या कलेतले कुलगुरू म्हणजे अमेरिकी निर्माता-दिग्दर्शक रॉजर कॉर्मन. 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स' (1960) चे मुख्य चित्रीकरण त्यांनी दोन दिवसांत उरकले. पुढे 'द रेव्हन'चे सेट मोडण्यापूर्वी ते फुकट का घालवायचे म्हणून नट बोरिस कार्लोफ यांना आणखी काही दिवस थांबवून घेतले आणि 'द टेरर' (1963) हा दुसराच चित्रपट सुरू केला. त्याची कथा कोणालाही धड कळत नाही आणि तो पाहण्याची सक्तीही नाही. मात्र कार्लोफ यांचे कॉर्मनकडे देणे असलेले दोन दिवस पीटर बोग्दानोविच या नवख्या तरुणाला देण्यात आले, 'द टेरर'मधले तुकडे वापरण्याची मुभाही मिळाली, आणि त्यातून 'टार्गेट्स' (1968) हा उत्तम चित्रपट उभा राहिला. उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा करावा तसा हा हिशेब आहे, आणि कुस्करा कधीकधी मूळ जेवणापेक्षा चविष्ट होतो हे आपल्याला सांगायला नको.

पहिली संध्याकाळ: 'कार्निव्हल ऑफ सोल्स' (1962)

सुरुवात रक्तापासून करू नये. हर्क हार्वी हे कॅन्सास राज्यातल्या लॉरेन्स गावी शैक्षणिक आणि औद्योगिक माहितीपट काढणाऱ्या कंपनीत नोकरीला होते. कॅलिफोर्नियाहून मोटारीने परतत असताना सॉल्ट लेक सिटीजवळच्या सरोवराकाठी त्यांना 'सॉल्टएअर' ही ओस पडलेली करमणूक-इमारत दिसली: मनोरे, घुमट, भलेमोठे नृत्यगृह, आणि आत चिटपाखरू नाही. तिथे प्रेते नाचत असतील तर, एवढ्या एका कल्पनेवर त्यांनी सुमारे 30,000 डॉलरांत, कामावरून काही आठवड्यांची सुटी काढून, आयुष्यातला एकमेव कथापट केला. पांढऱ्या चेहऱ्याचा जो माणूस नायिकेचा पाठलाग करतो, ते स्वतः हार्वीच. बाहेरचा नट घ्यायचा म्हणजे त्याला पैसे द्यावे लागणार.

यातला कपड्यांच्या दुकानातला प्रसंग नीट पाहावा. नायिका नवा पोशाख घालून पाहण्यासाठी आत जाते आणि बाहेर येते तो जगातला सगळा आवाज गेलेला असतो. माणसे बोलत आहेत, ओठ हलत आहेत. पण कोणालाही ती दिसत नाही आणि तिला कोणाचेही शब्द ऐकू येत नाहीत. ती रस्त्यावर येते, लोक तिच्या बाजूने निघून जातात. मग बागेत पाखराचा आवाज येतो आणि जग परत सुरू होते. या प्रसंगाला यंत्र नको, रंगभूषा नको. ध्वनिपट्टीवरचा आवाज काढून टाकणे हा सर्वांत स्वस्त चमत्कार आहे. संवाद थोडे उशिरा, थोडे परके वाटतात. नेहमीच्या चित्रपटात आपण त्याला दोष म्हटले असते, पण जगाशी सुटलेल्या बाईच्या गोष्टीत तो दोष कथेच्याच कामाला येतो. चित्रपट जेमतेम 80 मिनिटांचा आहे. दिवे मालवून, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून पाहावा.

दुसरी संध्याकाळ: 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (1968), आणि प्रत कशी निवडावी

जॉर्ज रोमेरो आणि त्यांचे मित्र पिट्सबर्ग शहरात जाहिरातपट काढत. सुमारे 1,14,000 डॉलर जमवून त्यांनी हा चित्रपट केला. कृष्णधवल फिल्म स्वस्त, म्हणून कृष्णधवल. आणि कृष्णधवलात रंग कळत नाही, म्हणून रक्ताच्या जागी चॉकलेटचा पाक. अर्ध्याहून अधिक कथा एका पडक्या शेतघरात घडते, कारण ते घर पाडले जाणार असल्याने हवे तसे मोडायला मिळाले. खिडक्यांना आतून फळ्या ठोकणारी माणसे, बाहेर संथ चालीने येणारी प्रेते, आणि टीव्हीवरच्या बातम्या: आज जगभर ज्याला झोंबीपट म्हणतात त्याचा साचा इथे पडला. गंमत अशी की 'झोंबी' हा शब्द या चित्रपटात एकदाही येत नाही.

नायकाची भूमिका ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय नटाने केली आहे आणि कथेत कोणीही त्याच्या वर्णाचा उल्लेख करत नाही. रोमेरो सांगत की निवडचाचणीत तोच सर्वांत चांगला ठरला म्हणून त्याला घेतले. परंतु 1968 च्या अमेरिकेत, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येला सहा महिने होत असताना, घरात भेदरलेल्या गोऱ्या माणसांना हुकूम सोडणारा कृष्णवर्णीय नायक पडद्यावर दिसला तेव्हा त्याला जो अर्थ आला तो कोणी आधी लिहून ठेवलेला नव्हता. शेवटाविषयी इथे बोलत नाही; इतकेच सांगतो की श्रेयनामावली सुरू झाली म्हणून उठू नये. त्या दाणेदार, वर्तमानपत्री छायाचित्रांसाठी बसून राहावे.

आता व्यवहाराचे. चित्रपटाचे मूळ नाव वेगळे होते. वितरकांनी ते बदलताना नावाच्या पाटीवरची स्वामित्वहक्काची ओळ नव्या पाटीवर घालायची राहिली, आणि त्या वेळच्या अमेरिकी कायद्यानुसार चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. जगभर गाजलेल्या चित्रपटाचे पैसे तो काढणाऱ्यांना धड मिळाले नाहीत, आणि कोणीही उठावे नि प्रत काढून विकावी असे सुरू झाले. त्यामुळे इंटरनेटवर याच्या असंख्य प्रती फुकट सापडतात आणि त्यांतल्या बहुतेक धुरकट, कापलेल्या किंवा नंतर कोणीतरी रंग भरलेल्या असतात. रंगीत प्रत हाती आली तर ती बाजूला ठेवावी. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 2016 साली मूळ निगेटिव्हवरून नूतनीकरण केलेली प्रत शोधावी. तीत काळा रंग काळा दिसतो आणि फळ्यांमधल्या फटींतून आत येणारा प्रकाशही कळतो.

हा नियम पुढच्या प्रत्येक चित्रपटाला लागू आहे. नाव टाकून पहिली दिसेल ती प्रत लावू नये. आधी लांबी पाहावी, कारण देशोदेशीच्या सेन्सॉरांनी आणि वितरकांनी या चित्रपटांना मनसोक्त कात्री लावली आहे. दहा मिनिटे कमी असतील तर काहीतरी गेलेले आहे असे समजावे. एकाच चित्रपटाची तीन-तीन नावे असतात, तेव्हा दिग्दर्शक आणि साल जुळवून पाहावे. कृष्णधवल चित्रपटांत चेहरा पीठ फासल्यासारखा सपाट दिसत असेल तर प्रत वाईट आहे. ती सोसत बसण्यापेक्षा आठवडाभर थांबावे.

तिसरी संध्याकाळ: टेक्सासचा उन्हाळा

टोबी हूपर यांचा 'द टेक्सास चेन सॉ मॅसकर' (1974) हा या यादीतला सर्वांत छळणारा चित्रपट आहे, आणि तो पाहिलेले निम्मे लोक त्यात नसलेले रक्त आठवून सांगतात. प्रत्यक्षात पडद्यावर रक्त फारच थोडे आहे. हूपर यांना तर मुलांनाही पाहता येईल असे सौम्य प्रमाणपत्र मिळण्याची आशा होती.

पहिला खून पाहावा. एक तरुण हाका मारत परक्या घरात शिरतो. समोर अरुंद बोळ, टोकाला लाल भिंतीवर टांगलेल्या कवट्या. तो अडखळतो, एक धिप्पाड माणूस एकाएकी चौकटीत उभा राहतो, हातोडा बसतो, तरुणाला आत ओढले जाते आणि लोखंडी दार धाडकन बंद होते. सगळे काही सेकंदांत. सावध करणारे संगीत नाही, जवळून दाखवलेला घाव नाही, आणि बंद दाराकडे पाहत आपण तसेच बसतो. मोठ्या चित्रपटात या जागी निदान दोन मिनिटांची तयारी झाली असती, आणि तयारी झाली की प्रेक्षकही तयार होतो.

1973 च्या उन्हाळ्यात, 16 मिलिमीटर फिल्मवर, अंगाची लाही करणाऱ्या उष्म्यात हे चित्रीकरण झाले. रात्रीचा प्रसंग दिवसा घेण्यासाठी खिडक्या झाकल्या होत्या; आत दिव्यांची धग, टेबलावर सडू लागलेले मांस, भोवती खरी हाडे, आणि गनर हॅन्सन या नटाकडे पोशाख एकच असल्याने तो आठवडेच्या आठवडे धुतलेला नाही. जेवणाचा तो भयंकर प्रसंग सलग 26 तासांच्या आसपास चालला. त्या टेबलाशी बसलेल्यांच्या चेहऱ्यांवरचे सगळेच अभिनय नाही. चित्रपट भरपूर चालला आणि कलाकारांच्या हाती मात्र किरकोळ रकमा आल्या. 'शोषण' हा अनुवाद चुकीचा असला तरी इथे तो अगदीच गैरलागू नाही.

ज्यांना हा झेपणार नाही त्यांनी तो सोडावा. त्यांनी त्याऐवजी सॅम रेमी यांचा 'द ईव्हिल डेड' (1981) पाहावा. त्यात रक्ताच्या बादल्या आहेत, पण ते रक्त इतके उघड पाकाचे आहे की मळमळण्याऐवजी हसू येते. झाडीतून घराकडे झेपावणारी अदृश्य शक्ती दाखवण्यासाठी रेमी आणि मंडळींनी कॅमेरा लाकडी फळीवर बसवला आणि दोघांनी फळीची दोन टोके धरून टेनेसीतल्या हिवाळ्यात जंगलातून धावत सुटायचे, अशी युक्ती काढली. पुढे कोट्यवधींच्या चित्रपटांनी ती उचलली.

चौथी आणि पाचवी संध्याकाळ: इटलीत ओठ जुळत नाहीत

इटालियन भयपटांकडे येणाऱ्या नवख्याची पहिली तक्रार ठरलेली असते: आवाज ओठांशी जुळत नाही. तो जुळणारच नव्हता. तिथे चित्रीकरणाच्या वेळी आवाज न धरण्याची पद्धत होती. एक नट इंग्रजीत बोले, दुसरा इटालियनमध्ये, तिसरा जर्मनमध्ये, आणि नंतर प्रत्येक बाजारपेठेसाठी वेगळे डबिंग होई. म्हणून 'मूळ भाषेतलीच प्रत' असा हट्ट इथे धरू नये. दोन्ही डबच असतात. जी कानाला बरी वाटेल ती घ्यावी.

मारिओ बावा यांच्यापासून सुरू करावे. ते मूळचे छायाचित्रकार. 1957 च्या 'इ व्हॅम्पिरी'त डोळ्यांदेखत म्हातारी होणारी बाई त्यांनी एकही कट न घेता दाखवली. सुरकुत्या लाल रंगाने काढायच्या आणि चेहऱ्यावर लाल प्रकाश टाकायचा. कृष्णधवल फिल्मवर त्या दिसत नाहीत. मग दिव्यावरचा लाल रंग हळूहळू सरकवून हिरवा आणायचा, की सुरकुत्या काळ्या होऊन उमटू लागतात. खर्च दोन रंगीत काचांचा. 'ब्लॅक संडे' (1960) हा त्यांचा दिग्दर्शक म्हणून नावारूपाला आलेला चित्रपट पाहावा, आणि तो आवडला तर 'प्लॅनेट ऑफ द व्हॅम्पायर्स' (1965) कडे जावे. त्यातला परग्रह म्हणजे जुन्या पौराणिक चित्रपटातून उरलेले दोन प्लॅस्टिकचे खडक, आरसे आणि भरपूर धूर, असे बावा सांगत.

दारिओ अर्जेंतो यांचा 'सुस्पिरिया' (1977) गरीब चित्रपट म्हणता येणार नाही, तरी तो या रांगेत हवाच. कथेला फार अर्थ शोधू नये. जर्मनीतल्या नृत्यशाळेत चेटकिणी आहेत, एवढे पुरे. लाल-निळ्या प्रकाशात न्हालेल्या भिंती पाहाव्यात आणि 'गॉब्लिन' या वाद्यवृंदाचे कुजबुजणारे संगीत चांगल्या हेडफोनवर ऐकावे. लुचिओ फुल्ची यांच्या 'झोंबी 2' (1979) मध्ये पाण्याखाली प्रेताची शार्क माशाशी झुंज आहे, मासा खरा आहे. तेवढ्यासाठी पाहिला तरी हरकत नाही.

काय वगळावे

इटलीचाच 'कॅनिबल होलोकॉस्ट' (1980) अनेक याद्यांत मानाने झळकतो. त्यात खरोखरचे प्राणी कॅमेऱ्यासमोर मारले आहेत. कलाकार जिवंत आहेत हे दिग्दर्शकाला इटलीतल्या न्यायालयात दाखवून द्यावे लागले, ही हकीकत रंजक आहे. ती वाचावी आणि चित्रपट सोडावा. बलात्कार हाच ज्यांचा विकायचा माल आहे असे अनेक चित्रपट या प्रांतात आहेत, त्यांनाही मी या मार्गात जागा दिलेली नाही. 'किती वाईट आहे ते बघायला' म्हणून काढायचे चित्रपटही मोजकेच पाहावेत. एड वुड यांचा 'प्लॅन 9 फ्रॉम आउटर स्पेस' एकदा पाहावा, कारण त्यातही तोच प्रश्न लागू पडतो: नट बेला लुगोसी वारल्यावर त्यांच्या जागी वुड यांच्या पत्नीच्या ओळखीतला एक हाडवैद्य डगल्याने तोंड झाकून उभा केला आहे. उत्तर हास्यास्पद आहे, पण ते शोधणाऱ्याची धडपड खोटी नाही.

आता घरी यावे

एवढे पाहून झाले की रामसेंकडे वळावे. फतेहचंद उत्तमचंद रामसे यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. फाळणीनंतर ते मुंबईत आले आणि लॅमिंग्टन रोडवर पुन्हा दुकान थाटले. त्यांनी काढलेला 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' (1970) पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर राक्षसी मुखवटा घालून चोरी करतात असा प्रसंग होता, आणि थिएटरांत जाऊन बसलेल्या मुलांच्या लक्षात आले की लोक त्या एका प्रसंगाला किंचाळतात, बाकीच्याला नाही. मग सगळा चित्रपटच त्या प्रसंगासारखा का नको? वडिलांनी सात मुलांना घेऊन काश्मीरमध्ये हाउसबोटीवर मुक्काम ठोकला आणि जोसेफ मॅसेली यांचे छायाचित्रणावरचे पुस्तक समोर ठेवून त्यांच्याकडून धंद्याचे धडे गिरवून घेतले. कुमार पटकथा लिहिणार, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करणार, गंगू कॅमेरा धरणार, किरण ध्वनी सांभाळणार, अर्जुन संकलन करणार, केशू निर्मिती आणि लागेल ते. बाहेरच्या माणसाला द्यायचा पगार असा घरातच राहिला.

त्यातून आलेला 'दो गज जमीन के नीचे' (1972) पहिला पाहावा. सुमारे साडेतीन लाख रुपयांत, चाळीसेक दिवसांत, महाबळेश्वरला. सेट लावणे परवडत नव्हते म्हणून सगळी मंडळी बसमध्ये घालून तिथल्या विश्रामगृहात नेली. राहायलाही तेच आणि चित्रीकरणालाही तेच. थंडीतले महाबळेश्वर ज्याने पाहिले आहे त्याला कळेल की धुके तिथे फुकट मिळते. जिवंतपणी फसवून पुरलेला नवरा उठून परत येतो, एवढीच कथा. पण कबर खणण्याचा आवाज आणि ओली माती यांवर जो भर दिला आहे तो 'कार्निव्हल ऑफ सोल्स' पाहून आलेल्या कानांना लगेच जाणवतो.

मग 'पुराना मंदिर' (1984). सामरी नावाच्या सैतानाचे मुंडके पेटीत बंद करून एकीकडे आणि धड दुसरीकडे ठेवले आहे, आणि राजघराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल असा त्याचा शाप आहे. सामरीचे काम केलेले अनिरुद्ध अग्रवाल रुरकीचे अभियंता. उंची आणि चेहऱ्याची ठेवण अशी की रंगभूषेचा निम्मा खर्च वाचला. रामसेंनी हे भांडवल ओळखले आणि जपून वापरले: त्यांच्यावर प्रकाश खालून येतो, ते कमी हलतात, आणि पुष्कळदा आपल्याला फक्त हात किंवा डोळे दिसतात. तंबूतली आमची पोरे किंचाळत होती ती उगाच नव्हे.

आणि मध्येच जगदीप येतो. 'शोले'ची सरळसरळ नक्कल करणारे हे विनोदी उपकथानक मुख्य कथेला कुठेही चिकटत नाही आणि नवखा प्रेक्षक हमखास इथे पुढे सरकवतो. तसे करू नये. रामसेंचा चित्रपट तालुक्याच्या थिएटरात आणि तंबूत चालायचा होता. तिथे एका तिकिटात गाणी, मारामारी, विनोद, प्रेम आणि भूत असे पाच पदार्थ ताटात पडले पाहिजेत असा हिशेब होता. परदेशातला स्वस्त भयपट दीड तासात आटोपतो. आपला अडीच तास चालतो तो या ताटामुळे. विनोदाने प्रेक्षक सैल झाला की पुढचा धक्का जास्त बसतो, हेही खरेच. मराठी प्रेक्षकाला हे समजावे लागू नये. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' (1993) मध्ये रामदास पाध्ये यांच्या हातातला तात्या विंचू 'ओम फट् स्वाहा' म्हणत येतो तेव्हा लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या धांदलीला हसणारी पोरे त्याच रात्री घरातल्या बाहुल्या कपाटात कोंडून ठेवत होती.

पुढे 'वीराना' (1988) आणि 'बंद दरवाजा' (1990), याच क्रमाने. 'बंद दरवाजा'त अनिरुद्ध अग्रवाल नेवला नावाचा रक्तपिपासू झाले आहेत आणि बावांचे रंगीत दिवे पाहून आलेल्याला इथली निळी रात्र आणि लाल शवपेटी ओळखीची वाटेल. या दोन्हींत बायकांकडे पाहण्याची कॅमेऱ्याची नजर ओशाळवाणी आहे आणि काही प्रसंग सेन्सॉरच्या कात्रीने मध्येच तुटतात, हे धरून चालावे. शक्य असेल तर परदेशात काढलेल्या नूतनीकृत ब्लू-रे प्रती मिळवाव्यात. युट्यूबवरच्या प्रतींत रात्रीचे प्रसंग म्हणजे नुसता काळा पडदा असतो आणि रामसेंचे निम्मे काम तर रात्रीच चालते.

त्यानंतरही भूक राहिली तर शेजारी जावे. लाहोरमध्ये 1967 साली बनलेला 'जिंदा लाश' हा ड्रॅक्युलाचा उर्दू अवतार आहे. त्यात विलायती मोटार आहे, क्लबमधली नाचगाणी आहेत, आणि सुळे दाखवत हसणारा प्राध्यापकही आहे. गाणे सुरू झाले की इथेही हात रिमोटकडे जाईल. तो आवरावा.